संत्र्यांच्या रांगेतला फोटो

नोव्हाय, मिशिगन
१४ ऑक्टोबर १९८५

तीर्थरूप पुरुषोत्तमकाकांस,

दिगंबरचा साष्टांग नमस्कार, आणि लाल सलामही (तो मात्र इथे दार लावून). तुमचे गुडघे कसे आहेत? काकू लिहितात, जिना चढताना धाप लागते तरी युनियन ऑफिसची फेरी चुकत नाही. मी बरा आहे, म्हणजे गेल्या शुक्रवारपर्यंत बरा होतो. शुक्रवारी काकूंचं पत्र आलं. सात नोव्हेंबरला इचलकरंजीत रशियन पाहुणे येणार आणि तुम्ही त्यांचा सत्कार युनियनच्या ऑफिसात नेमका माझ्या फोटोखाली करणार, हे वाचलं आणि कॅलेंडरावर दिवस मोजायला बसलो. काका, तो फोटो त्यांच्या नजरेला पडता कामा नये. सन्मानाचा फलक म्हणून दोन वर्षं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला जो दाखवता आहात, तो सन्मानाचा नाहीच.

आता बसून वाचा. त्र्याऐंशी साली मी व्होल्गाकाठच्या त्या कारखान्यात होतो (तुमच्याच खटपटीनं मिळालेल्या शिष्यवृत्तीवर शिकून). वरून हुकूम आला, कामगारांना शिस्त लावा. मग भर दुपारी पोलीस दुकानांची, सिनेमाची, स्नानगृहांचीसुद्धा दारं बंद करून आतल्या एकेकाला विचारायचे, कामाच्या वेळी तू इथे कसा? आमच्या खात्याची रीत अशी, की कोट खुर्चीवर आणि माणूस रांगेत. (इथे ब्रेकच्या कंपनीत मी सवयीनं कोट ठेवून जेवायला गेलो, तर मॅनेजरला माझ्या थंडीची काळजी पडली.) काम सुटेपर्यंत दुकानं रिकामी व्हायची, मग करणार काय? साहेबच पाळी लावून द्यायचे. साहेब तिथेही असतात, काका. त्या दिवशी दक्षिणेतून संत्री आली होती आणि पाळी माझी. अकरा जणांच्या अकरा पिशव्या घेऊन दोन तास उभा राहिलो, पुढे चारच डोकी उरली, आणि मागे दाराची कडी वाजली. मी मुळातच भित्रा. पोलिसानं कागदपत्रं मागितली, मी घाबरून पिशव्याच त्याच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी सभा. पाळी लावणारे साहेबच पहिले उठले आणि माझ्या बेशिस्तीवर पाऊण तास बोलले. अकरातली एक पिशवी त्यांची होती, हे मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांची नोकरी गेली असती. इतका एकटा मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो. मग फोटो. कारखान्याच्या फाटकाशी उजव्या हाताला आदर्श कामगारांचा फलक, डाव्या हाताला कामचुकारांचा. फोटोग्राफर तोच, चौकट तीच, तांबडी किनारही तीच. मी डावीकडे. त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं, तिथल्या कामगारांनी तुझी काही दखल घेतली का? काय लिहिणार होतो? फलकावरच्या माझ्या चौकटीचा फोटो काढून धाडला आणि लिहिलं, फलकावर लागलो आहे. खोटं त्यात अक्षर नव्हतं. पण खाली रशियनमध्ये ठसठशीत लिहिलं आहे, ‘कामाच्या वेळेत संत्र्यांच्या रांगेत सापडलेला.’ पाहुणे ते मोठ्यानं वाचतील, आणि दुभाषा मराठीत सांगेल.

इथला माझा मित्र राजीव म्हणतो, “अरे यार, सरळ फोन कर ना! एवढं लेटर कशाला ड्राफ्ट करतोस?” त्याला काय सांगू, ऑफिसातला फोन बरोबर त्या फोटोखाली आहे आणि घंटा वाजली की चौघं धावतात. चाळीस वर्षं ज्या कामगारांसाठी तुम्ही घसा कोरडा केलात, त्यांच्यासमोर माझ्यामुळे तुमची मान खाली जाऊ नये, एवढंच मागणं. काच फुटली म्हणा, वाळवी लागली म्हणा, पण सात तारखेच्या आत उतरवा.

तुमचा,
दिगंबर

ता. क. खरं म्हणजे शनिवारीच घरच्या पत्त्यावर तुमच्या नंदूला तार केली आहे, ‘फोटो उतरव’. तेव्हा या पत्राची तशी गरज नव्हती. पण मी अमेरिकेत आल्यापासून चौदा महिन्यांत तुमची एक ओळ नाही. म्हटलं, निदान रागावायला तरी लिहाल.

पुन्हा ता. क. चिकटवलेलं पाकीट फोडलं. आत्ताच नंदूचा ट्रंक कॉल आला. तो स्टूल घेऊन ऑफिसात गेला, तर तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस. फोटो आला त्याच आठवड्यात तुम्ही कोल्हापूरच्या रशियन शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून ती ओळ वाचून घेतली होती म्हणे. आणि आता पाहुण्यांना मुद्दाम तिथेच बसवून विचारणार आहात, “संत्री आणायला गेला म्हणून आमच्या पोराला भिंतीला टांगलंत?” हे मी नंदूला दोनदा सांगायला लावलं. काका, असलं काही विचारू नका, पक्ष तुम्हाला दारात उभं करणार नाही. चूक पोराचीच होती म्हणा आणि चहा द्या. आणि विचारलंतच, तर काय काय बोललात ते मला सविस्तर लिहा.