आबेदाच्या रस्त्याकडच्या खोलीबाबत

मी, शेख फारूख शेख करीम, वय एकाहत्तर, धंदा मोटर व पंखे वायंडिंग, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर (जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे, वकीलसाहेब म्हणाले दोन्ही लिहा), हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. शुगर आहे, पण तिचा अकलेशी संबंध नाही. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करणारी एकच होती, ती फेब्रुवारीत गेली.

ती म्हणजे माझी बायको आबेदा बेगम, निवृत्त इंग्रजी शिक्षिका. सकाळी चहा पिता पिता गेली. दफन करून आल्यावर मी दुकान उघडलं आणि एका गिऱ्हाईकाचा जळालेला पंखा नव्या तारेनं बांधून दिला. मोहल्ल्यात त्यावर लई बोलणं झालं. मला तेव्हा काही वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही, हे खरं आहे म्हणून लिहितो. हात चालतात, जेवण जातं. घरात कुणी नाही, एवढं कळतं.

पहिलं. माझ्या दफनाला उशीर करू नये. मुलगी आमरीन जालन्याहून पोहोचेल तेवढंच थांबावं. आबेदाच्या शेजारी जागा असली तर बघावी, नसली तर भांडू नये.

दुसरं. वायंडिंगचं मशीन, मीटर, तारेची रिळं, सगळी हत्यारं माझा कारागीर सांडू याची. सांडू माझ्यासोबत त्या दुकानात म्हातारा झाला. मशीनचं हँडल जड फिरतं, ते त्याला माहीत आहे.

तिसरं. आबेदाची पुस्तकं आमरीननं न्यावीत. शाळेनं निरोप समारंभात दिलेली शाल मात्र घरात ठेवू नये, कुणालाही देऊन टाकावी. त्या दिवशी आबेदा बोलायला उभी राहिली आणि तिसऱ्या वाक्यालाच संचालकांनी माईक काढून घेतला. पाहुण्यांना निघायचं होतं म्हणे! ज्या बाईनं जन्मभर एकाही पोराचं वाक्य मध्ये तोडलं नाही, तिचं तोडलं. पोरगं अडखळलं तर ती थांबायची, वर्ग हसला तर नुसती वर्गाकडं बघायची. घरी येऊन म्हणाली, "जाऊ द्या हो, भूक लागली मला." मी जाऊ दिलेलं नाही. संचालक माझ्या मातीला आले तर त्यांना कुणी चहा विचारू नये.

चौथं. खरं तर यासाठीच लिहायला बसलो. उस्मानपुऱ्यातलं घर माझ्या नावावर आहे. मागच्या खोल्या माझा मुलगा याह्या आणि आमरीन यांना आमच्या कायद्यानं होईल तशा मिळाव्यात. रस्त्याकडची खोली मी योगिनी हनुमान शिंगाडे हिला देत आहे.

योगिनी कोण, असं लोक विचारतील. ती आबेदाची विद्यार्थिनी. त्या खोलीत आबेदा संध्याकाळी पोरं शिकवायची, फुकट. तिची एक रीत होती. दर गुरुवारी ती कुणातरी कामकरी माणसाला बोलवायची. त्यानं आपल्या कामाचं मराठीत सांगायचं, पोरांनी ते इंग्रजीत करायचं. मलाही तिनं पंखा खोलायला लावला होता. योगिनीचे वडील हनुमानराव बिडकीनकडं मेंढरं राखायचे, पोरीला शिकायला इथं मावशीकडं ठेवलेली. ते आले ते उंबऱ्यापाशीच बसले. म्हणाले, "बाई, मला काय येतंय? मेंढरामागं हिंडतो मी."

"मग तेच सांगा ना," आबेदा म्हणाली. "आणि आधी आत या."

ते बोलत गेले आणि योगिनी ते सगळ्यांना इंग्रजीत सांगत गेली. मी चहा घेऊन गेलो तर बाप लेकीकडं बघतच बसलेला. एक अक्षर कळत नव्हतं त्याला, पण चहा हातात तसाच गार झाला.

आबेदा गेल्यावर थोड्याच दिवसांत पोरं पुन्हा दारात येऊन उभी राहिली. योगिनी नोकरीवरून परस्पर आली, चप्पल काढली, आत जाऊन फळा पुसला. तेव्हापासून तीच शिकवते, पाच वाजता.

अडचण अशी. आमच्या कायद्यात माणसाला आपल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं वारसांबाहेर देता येत नाही. रस्ता रुंद झाला आणि त्या एका खोलीची किंमत निम्म्या घराएवढी झाली. तृतीयांशाच्या वर जे जाईल त्याला वारसांची संमती लागते, आणि ती मी मेल्यानंतरच धरतात. जिवंतपणी दिलेला होकार चालत नाही. आमरीन फोनवर म्हणाली, "अम्मीची खोली आहे ती, मला काय विचारता अब्बा?" (घरी आम्ही दखनी बोलतो. इथं साक्षीदारांसाठी मराठीत उतरवलं.)

याह्याला समोर बसवून विचारलं. तो बिडकीनला कारखान्यात आहे, भाड्यानं राहतो, त्याला घर विकून तिकडं फ्लॅट घ्यायचाय. तो म्हणाला, "अम्मीनं जगाची पोरं शिकवली. मी शाळेतून यायचो तर त्या खोलीत मला बसायला जागा नसायची. स्वयंपाकघरात अभ्यास केला मी. आता पण ती खोली दुसऱ्याचीच का, अब्बा?"

हे खरं आहे. साक्षीदारांनी नोंद घ्यावी की तो जे बोलला ते खरं आहे. माझा मुलगा लालची नाही, आणि तसं कुणी म्हणू नये.

पाचवं आणि शेवटचं. संमतीसाठी याह्यावर कुणीही दाब आणू नये. आमरीननं नाही, मौलवीसाहेबांनी नाही, मोहल्ल्यानं तर नाहीच. मी गेल्यावर रस्त्याकडच्या खोलीची किल्ली योगिनीला देऊ नये, याह्याला द्यावी. त्यानं एका संध्याकाळी ती खोली उघडावी आणि हवं तिथं बसावं. खिडकीपाशी, फळ्यासमोर, त्याच्या आईच्या खुर्चीवर, कुठंही. हो म्हणायचं की नाही, ते त्यानं तिथून उठल्यावर ठरवावं. योगिनीला माझी विनंती आहे की तिनं त्या दिवशी पोरांना सुट्टी द्यावी. त्या दिवशी आबेदाच्या खोलीत फक्त तिचा मुलगा असेल.

लिहिलेलं एकदा वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. सही करतो.

शेख फारूख शेख करीम

आमच्यासमोर सही केली, आम्ही एकमेकांसमोर केली:
१. राजकुमार सोनवणे, शेजारी, मेडिकल दुकानदार
२. केसरबाई साळवे, आबेदा मॅडमच्या शाळेतल्या निवृत्त शिपाई

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१४ जुलै २०२५