पुढचा दात

सावदा,
दि. १६ एप्रिल १९९०

चि. सौ. कुमुद हिस आबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. ऊन मरणाचं आहे, केळीला पाणी पुरवता पुरवता जीव जातो. आखाजीचा सण तोंडावर आला. शेजारच्या भिकुबाईच्या दोन्ही पोरी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले. तुझी आई दाराशी उभी राहून बघत असते.

हे पत्र टपालात टाकत नाही. बन्सीलालची सून तुमच्याच गावी येते आहे. तिला बजावलंय, कुमुदच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नाही. का, ते पुढे कळेल.

तुझं पत्र आणि फोटो पोचला. बायकांच्या बर्फावरच्या हॉकीची जगातली पहिलीच स्पर्धा ओटावात भरली, आठ देशांच्या बायका आल्या, जावई लीलाधररावांनी तुला दाखवायला नेलं, आणि रबराची चकती उडून थेट तुझ्या तोंडावर बसली. पुढचा दात गेला. वा! खेळणाऱ्या तोंडाला जाळी बांधतात म्हणतेस, आणि लागलं कुणाला, तर बघणारीला?

मी काही दूधखुळा नाही. जळगावला जाऊन कॉलेजातल्या खेळाच्या सरांना विचारलं. म्हणाले, पुरुषांची असते, बायकांची कधी ऐकली नाही. तू पाठवलेलं तिकीट पुढे केलं तर म्हणाले, मग असेल. असेल म्हणजे? तिकीट काय, कुणीही आणून देईल! तुझं अक्षर पाहिलं, हात कापल्यासारखं वाटतं का ते पाहिलं. फोटो उन्हात धरून गालावर वळ दिसतो का तेही पाहिलं. लीलाधरराव बाजूला उभे आहेत, हात खिशात घालून. खिशात का?

आणि तुझं एक वाक्य राहून राहून टोचतं. ‘ह्यांनीच लगेच दवाखान्यात नेलं.’

कुमुद, हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. तू चार वर्षांची होतीस. तुझ्या आईचा पुढचा दात केळीचा घड उतरवताना दांडा लागून पडला, हे गावाला माहीत आहे. डॉक्टरांना तिनं तेच सांगितलं, वर म्हणाली, ‘ह्यांनीच लगेच आणलं.’ मी शेजारी उभा होतो, हात खिशात घालून. त्या दिवशी बागेत एकही घड उतरला नव्हता. जेवायला उशीर झाला म्हणून मी मारलं होतं.

बावीस वर्षं हे कुणाशी बोललो नाही. तिच्याशीही नाही. तुझं पत्र वाचलं आणि लीलाधररावांच्या जागी मला मीच दिसलो.

काल शेवटी फोटो तुझ्या आईपुढे ठेवला. म्हटलं, नीट बघ, मला हे काही खरं वाटत नाही. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“खेळातच लागलं तिले. पाहा ना, खिंडार दाखवत कशी हासू राह्यली.”

“त्यानं काय होतं?”

“मी हासली का तशी कधी?”

एवढं बोलून ती भाकरी टाकायला गेली. मी घरातले सगळे फोटो काढून बसलो. तुझ्या लग्नातले, नव्या घराच्या वास्तूचे, स्टुडिओत काढलेला आम्हा दोघांचा. एकातही तिचं तोंड उघडं नाही. माझ्या कधी ध्यानातच आलं नाही गं.

तरी तू खरं काय ते लिही. खेळच असेल तर लीलाधररावांची माझ्या वतीने माफी माग. नसेल तर एक ओळ पुरे, विमानाची कितीही भीती वाटो, न्यायला येतो.

आणि आईला वेगळं पत्र घाल. पाकिटावर तिचंच नाव लिही. या वेळी मी ते फोडणार नाही.

वर आशीर्वाद लिहिले आहेत, ते त्याच हाताने. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

आबा