मोजणीदाराची बोली

आप्पा,

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता इंदापूरच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि माझं बोलणं ऐकून नवीन माणसं विचारतात, "बाई पुण्याच्या का?" मी नुसती हसते. समोरचा काय बोलतो हे सगळेच ऐकतात. तो कसा बोलतो याकडे कान असायचे ते फक्त तुमचे, त्यामुळे त्या हसण्याचा अर्थ तुम्ही लगेच ओळखला असता. आज मी त्या नाटकाबद्दल लिहिते आहे. ते झाल्यानंतर घरात त्याचा विषय कुणी काढला नाही. तुम्ही काढला नाहीत म्हणून आईने काढला नाही, आणि मी का काढला नाही ते पुढे सांगते.

मी नववीत होते. तुम्ही बारामती एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होता आणि कामगारांच्या वार्षिक संमेलनासाठी तुम्ही स्वतः एक संगीत नाटक लिहिलं होतंत. एका गावात जमिनीची मोजणी करायला मोजणीदार येतो, खोट्या हद्दी आखतो, आणि गावातली एक विधवा बाई भर चावडीत त्याला उघडं पाडते. पहिली पाळी सुटली की कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारून तालीम व्हायची. शाळा सुटल्यावर मी थेट तिथे यायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही सगळ्यांना जमिनीवर बसवलंत आणि म्हणालात, "आजवर नाटकात काय बघितलंसा? गडी 'हाय-न्हाय' बोलला की लोकं हसत्यात. सायेब 'आहे-नाही' बोलला की गप बसून ऐकत्यात. आपल्या नाटकात हे उलटं हुईल. खरं बोलणारी माणसं आपल्यासारखी बोलतील, आन् खोटं बोलणारा एकदम शुद्ध." पॅकिंगमधला एक जण म्हणाला, "लोकं तरी बी हसली तर?"  तुम्ही वहीत काहीतरी लिहीत राहिलात.

मग प्रत्येकाची बोली ठरवायला तुम्ही कान लावून हिंडलात. पाटील इंदापूरच्या बाजूचा, जड जिभेचा. बांगड्या विकणारी कासारीण सोलापूरकडची, वाक्याच्या शेवटी हेल काढणारी. विधवेसाठी मात्र तुम्हाला हवा तसा आवाज मिळेना, म्हणून एका बाजाराच्या दिवशी आपण निमगाव केतकीला गेलो, टेपरेकॉर्डर कापडी पिशवीत घालून. मला अजून ती मिरच्या विकणारी बाई दिसते. ती शेजारणीशी भांडते आहे, तुम्ही पिशवी हळूच पुढे सरकवता, आणि तिचं लक्ष जातं.

"त्या पिशवीत काय हाय?"

"टेप हाय, मावशी. तुमचं बोलणं घेतोय. नाटकासाठी."

"आमच्या बोलण्यात काय हाय घेण्यासारखं? हसायला घेतायसा व्हय?"

तुम्ही टेप मागे फिरवून तिला तिचा आवाज ऐकवलात. ती दचकली, म्हणाली, "ही मी न्हाय," आणि मग लगेच, "पुसा ते. माझ्याम्होरं पुसा." तुम्ही तिच्यासमोर पुसलंत. परतीच्या एसटीत मी चिडले होते, इतका चांगला आवाज हातचा गेला म्हणून. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तिचा संशय बरोबर हाय. आपल्यासारख्यांचं बोलणं कुणी उचललं तर आजवर हसायलाच उचललंय." 'आपल्यासारख्यांचं' म्हणजे गावाकडच्यांचं, की आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली त्या आपल्या घरांचं, हे मी विचारलं नाही. त्या वयात मला दोन्हींची लाज वाटायची.

गाण्यांवरून तुमचं आणि काकांचं भांडण झालं. काका म्हणजे तुमचे निमगावचे लहानपणापासूनचे मित्र, बॉयलरवर कामाला, रोज मोटारसायकलवरून येणारे, आणि आपल्या नाटकाचे ढोलकीवाले. नाटकातली विधवा बोलते गावाकडचं, तर गाणंही तिने तसंच म्हणायचं, हा तुमचा हट्ट. काकांचा हात ढोलकीवर थांबला; तालमीत ते तुम्हाला मास्तर म्हणायचे. "मास्तर, 'नाही' कसं लांबवता येतंय. 'न्हाय' म्हणलं की शब्द लगीच संपतो आन् सम हातातनं निसटती. बोलू दे तिला कसं बी. गाणं शुद्ध ठेव."

"म्हंजी तोंड उघडून गायला लागली की बाई दुसऱ्याची व्हनार?"

"तुला ताल कळत न्हाय, उगं हट्ट करतोयस."

"आन् तुला लाज वाटती आपल्या बोलण्याची."

काका उठून गेले. सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून परत आले, ढोलकीपुढे बसले आणि 'न्हाय'च्या पुढे एक 'गं' जोडून, त्यावर दोन बोटांची एक हलकी थाप टाकून ती ओळ वाजवून दाखवली. शब्द तालात चपखल बसला. तुम्ही हसलात, त्यांच्या पाठीत धपाटा घातलात. मला वाटलं, मिटलं. तुमच्या मनात ते मिटलं नव्हतं, हे मला पुढे कळलं.

मोजणीदाराचं काम करणाऱ्या फिटरला शुद्ध बोलणं काही केल्या जमेना. एके दिवशी वैतागून त्याने कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसर साहेबांची नक्कल केली. ते प्रत्येक वाक्याआधी "असं बघा हं" म्हणायचे आणि 'ण' असा उच्चारायचे, जणू समोरच्याला शिकवत आहेत. अख्खं कॅन्टीन हसून लोळलं. तुम्हीही हसलात. मग गंभीर होऊन म्हणालात, "हे ह्या भिंतीबाहेर जाता कामा न्हाय." पण बोली तीच ठेवलीत.

संमेलनाच्या चार दिवस आधी साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही घरी आलात, पाय धुतलेत, जेवायला बसलात आणि घास हातात धरून आईला सांगितलंत की मोजणीदार कसा बोलतो, 'असं बघा हं' कधी म्हणतो, सगळं त्यांना ठाऊक होतं. ते रागावले नव्हते. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "तुम्हा लोकांना एवढं व्यासपीठ देतो आम्ही, त्याचा असा वापर बरा नाही." मोजणीदार गावरान बोलेल, नाहीतर नाटक होणार नाही. तुम्ही आईला दोनदा विचारलंत, "तुम्हा लोकांना म्हंजी कुणाला? कामगारांना का आपल्याला?" आई म्हणाली, "जेवा आधी." मी ताटातल्या भाताकडे बघत होते.

तुम्ही बोली बदललीत. नाटक झालं. आपली बाई तेच बोलली, तेच गायली, पण मोजणीदारही 'हाय-न्हाय' बोलत स्टेजवर आला आणि लोक त्याच्या पहिल्या वाक्यालाच हसले. एकदा हसायला लागल्यावर ते थांबले नाहीत. बाईच्या गाण्यात काकांची ती थाप आली तेव्हाही मागून हशा आला. साहेब पहिल्या रांगेत होते, खूप हसले आणि शेवटी त्यांनी तुमच्या गळ्यात हार घातला. फोटो आहे माझ्याकडे. त्यात तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही आहात. तुम्ही ढोलकीकडे बघताय.

कारण तोवर तुम्ही ठरवून टाकलं होतं की साहेबांना काकांनीच सांगितलं. केबिनमधून बोलावणं आलं त्याच्या आदल्या दिवशी काका रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले होते. नाटकानंतरच्या महिन्यात त्यांचा मेहुणा कारखान्यात कायम झाला, तेव्हा तुमची खात्रीच पटली. गाण्यावरून भांडले होते तेही तेच. तुम्ही एकेक गोष्ट जुळवत गेलात आणि ती जुळत गेली. काका घरी आले तेव्हा तुम्ही आतून आईला सांगायला लावलंत की झोपलेत. ते ओट्यावर थोडा वेळ उभे राहिले, मला म्हणाले, "बापाला म्हणावं, काय असंल ते तोंडावर बोल." मी तुम्हाला ते सांगितलं नाही. तुम्ही नंतर कधी नाटक लिहिलं नाहीत. काकांशी बोलला नाहीत. त्यांची बदली दिवसपाळीवरून कायमची रात्रपाळीला झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "भोग म्हणावं आता."

आप्पा, काकांनी नाही, मी सांगितलं. त्या साहेबांची मुलगी माझ्या वर्गात होती, माझ्या पुढच्या बाकावर. मी फळ्यासमोर 'हितं' म्हणाले आणि तिने मोठ्यांदा 'इथे' असं सुधारलं. सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, माझ्या वडिलांच्या नाटकात एक चोर आहे, तो अगदी तुझ्या पप्पांसारखा बोलतो. आणि "असं बघा हं" म्हणून मी नक्कल करून दाखवली, 'ण'सकट. चांगली जमली होती. वर्ग पुन्हा हसला, यावेळी तिला. ती रडत घरी गेली, आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

तुम्ही दवाखान्यात होता ते शेवटचे अकरा दिवस मी तुमच्या उशाशी होते. रोज ठरवत होते, आज सांगेन. नवव्या दिवशी तुम्ही स्वतःच म्हणालात, "त्यानं असं करायला नको होतं." मी तुमच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला.

गेल्या महिन्यात मी निमगावला उतरले. काका आता थकलेत, एका डोळ्याने दिसत नाही. अंगणात खाटेवर बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं नाही, नाव सांगावं लागलं. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझा बाप शेवटपतोर मलाच धरून व्हता न्हवं?"

मी खरं सांगायलाच गेले होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणाले, "नाही काका. आप्पांना नंतर कळलं होतं, तुम्ही नव्हता ते."

त्यांनी रिकामी कपबशी चाचपत खाटेखाली सरकवली. मला वाटलं, हलकं वाटलं असेल त्यांना. मग म्हणाले, "कळलं व्हतं? मग आला का न्हाय?"

 मी शाळेचं कारण सांगून उठले. तेव्हापासून दोनदा बारामतीला जाऊन आले, एसटी दोन्ही वेळा निमगावच्या स्टँडवर थांबली, आणि मी सीटवरून उठले नाही. तुम्हाला हे सगळं लिहू शकले, कारण तुम्ही वाचणार नाही. काका मात्र अजून समजून आहेत की तुम्हाला कळलं होतं आणि तरी तुम्ही आला नाहीत.