आधी स्पीकर जोडावेत, मग भंगार

मी, श्रीमती उल्का श्यामसुंदर वैशंपायन, वय ७१, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने लिहिते. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा आमोद आणि सून अपूर्वा यांना समान. व्यवस्था अपूर्वाने पाहावी, ती वस्तू हरवत नाही.

२. सोसायटीच्या सेक्रेटरींना काहीही देऊ नये. कारण त्यांना ठाऊक आहे.

३. टॅब्लेट नात ओवीला. आमोदने हौसेने आणला, मीही त्यावर पेपर वाचते, बहिणीशी बोलते. नवं ते सगळं वाईट म्हणणाऱ्यांतली मी नाही. यंदा दसऱ्याला जुन्या कॉम्प्युटरबरोबर त्याचीही पूजा केली, तर कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने दुरुस्तीला चार दिवस ठेवून घेतला, वर शहाणपण शिकवलं. ओवीने फूल वाहावं, कुंकू नको.

४. जुना कॉम्प्युटर आमोदला. आमोद, तोंड वाकडं करू नकोस. सगळं क्लाउडवर चढवलंय, आता हा डबा भंगारात दे, असं तू दर दिवाळीच्या आवराआवरीत म्हणतोस. तू दहावीत असताना यांनी तो एकेक भाग आणून जुळवला. सुरू होताना वाजायला स्वतःचा आवाज भरला. मित्रांसमोर लाज वाटते म्हणून तू स्पीकरची वायरच काढून ठेवलीस.

टॅब्लेट दुरुस्तीला होता तेव्हा मी हा कॉम्प्युटर लावला, ती वायर जोडून ऐकलं आणि पुन्हा काढून ठेवली. नंतर तुझ्या क्लाउडवरही शोधलं. फोटो सगळे आहेत, हा आवाज नाही.

हे गेले तेव्हा तुला जर्मनीहून वेळेत पोचता आलं नाही. तू बोलत नाहीस, पण मला दिसतं रे. फार वाईट वाटतं मला तुझं.

म्हणून अट एकच. भंगारवाल्याला बोलावण्याआधी दार लावून घ्यावं, स्पीकर जोडावेत आणि कॉम्प्युटर एकदा सुरू करावा. पडदा उजळायच्या आत तुझे बाबा म्हणतील, "आमोद, आधी जेवून घे बाळा."

तर आधी जेवून घ्यावं. भंगाराचं मग बघावं.

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. नीरजा दामले, शेजारी
२. दशरथ शिंदे, निवृत्त पोस्टमास्तर

उल्का श्यामसुंदर वैशंपायन
पुणे, १४ ऑक्टोबर २०२५