मुकादम आणि तेरा डोकी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा आधी शिवणकाम आणि गेली अकरा वर्षे मेंढीपालन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण मृत्युपत्राला हृदय लागत नाही असं वकिलांनी सांगितलं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो आणणं कोणाला जमलेलं नाही.

माझे पती हयात आहेत. निवृत्त बस कंडक्टर, तब्येत ठणठणीत, भूक उत्तम. फक्त तीन वर्षांपासून विसरतात. मी गेल्यावर ते कुठे आणि कोणाजवळ राहतील, एवढ्यासाठीच हा कागद आहे. बाकीची वाटणी लगेहात उरकते.

१. शिलाई मशीन व तिन्ही कात्र्या माझ्या हाताखाली शिकलेल्या शिंपिणीला द्याव्यात. कापडाची कात्री लोकरीला लावू नये. मी एकदा लावली होती. ती मेंढी महिनाभर बाकीच्यांच्या मागे लपून चरत होती.

२. नणंदबाईंनी लग्नात दिलेला चहाचा सेट त्यांना परत करावा. खोका उघडलेला नाही. आम्ही इथे आलो तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मेंढरं राखणार? दोन महिन्यांत परत याल." मनात काही ठेवायचं नाही, म्हणून इथे लिहिलं.

३. बँकेत जे असेल ते पतीच्या औषधपाण्यासाठी.

४. आता कुत्रा. नाव मुकादम, वय पाच, रंग पांढरा (चिखल नसेल तेव्हा), वजन माझ्याहून जास्त. लांडग्याने दोन कोकरं नेली तेव्हा हे पिल्लू आणलं. देणाऱ्या माणसाने बजावलं होतं, "पहिले दोन महिने फक्त मेंढ्यांत ठेवा, लाड करू नका. ज्यांच्यात वाढेल त्यांना तो आपलं मानेल आणि जन्मभर राखेल." नेमके त्याच आठवड्यात आमचे हे गोठ्याचे पत्रे ठोकताना खाली आले आणि पाय मोडून घेतला. घरात झोपायची खोली वरच्या मजल्यावर. जिना चढवेना, म्हणून खाट गोठ्यात टाकली. दोन महिने हे, बारा मेंढ्या आणि पिल्लू एकाच छपराखाली. लाड करू नका म्हणून मी रोज ओरडायची आणि हे रोज पांघरुणाखाली पिल्लू लपवायचे.

परिणाम असा की मुकादमाच्या लेखी कळपात तेरा डोकी आहेत. देणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला.

त्याची पद्धत ठरलेली आहे. कळपातलं कोणी फाटकाकडे निघालं, की हा आडवा उभा राहतो. परका माणूस निघाला, की रस्त्यापर्यंत भुंकत पोचवतो. मी निघाले तर मान वर करून बघतो, उठून माझ्या जागी फाटकात येऊन बसतो आणि मला खुशाल जाऊ देतो. मला तो मेंढी समजत नाही, पाळीवरची दुसरी राखणदार समजतो. एवढा मान मला शिवणाच्या दुकानात कधी मिळाला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ह्यांनी जुना खाकी कोट चढवला आणि ड्यूटीवर निघाले. मुकादम आडवा. हे म्हणाले, "अहो, बाजूला व्हा, गाडीची वेळ झाली." तो ह्यांच्या दोन्ही पावलांवर बसला. तेवढ्यात समोर बस थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून सगळा प्रकार पाहिला आणि हाक मारली, "काका, आज तुमची सुट्टी आहे!"

"मग आधी सांगायचं की!" म्हणून हे माघारी वळले. तेव्हापासून तो भला माणूस रोज दुपारी गाडी हळू करून तेच ओरडतो आणि ह्यांना रोज नव्याने सुट्टी लागते. इतका सुखी नोकरदार मी दुसरा पाहिला नाही.

५. माझ्या मुलाला हे पटत नव्हतं. "आई, माझ्याकडे लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. बाबांना कुत्र्याच्या भरवशावर ठेवणार?" मी हो म्हटलं आणि आमचं कडाक्याचं वाजलं. शेवटी म्हटलं, नेऊन बघ. नऊ दिवस नेलं. लिफ्टमध्ये हे सगळ्यांना "पुढे सरका, पुढे सरका" करायचे. शेजारी खूश होते. पण संध्याकाळी मेंढ्या आत घ्यायच्या वेळेला हे दारात उभे राहायचे आणि ताटावर बसायचे नाहीत. "कोणीतरी बाहेर राहिलंय," एवढंच म्हणायचे. इकडे मुकादमानेही खाणं सोडलं होतं. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

दहाव्या दिवशी मुलगा ह्यांना घेऊन आला. मुकादमाने ह्यांना डोक्यापासून चपलेपर्यंत हुंगलं, ढकलत ढकलत गोठ्यात नेऊन सोडलं आणि परत येऊन मुलावर अर्धा तास भुंकला. एवढी बोलणी खाताना मी ह्या मुलाला कधी पाहिलं नाही. नंतर त्याने मला विचारलं, "आई, हा मला कोणात धरतो? परक्यात?"

"आता तरी हो."

"मग काय करू?"

"गोठ्यात खाट टाक. बघू."

त्याने खरंच टाकली. काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही होतं. रोज सकाळी कंबर धरून उठतो, वडिलांना आंघोळ घालतो आणि मग मेंढ्या सोडतो.

६. घर, गोठा, कुरण, बारा मेंढ्या व सदर कुत्रा हे सर्व माझ्यामागे एकाच माणसाकडे जावं. अट एकच : माझे पती, कळप आणि मुकादम यांची हयातीत ताटातूट करू नये. ते कोणाकडे जावं, ती जागा मी दोन महिने कोरी ठेवली होती. मुलाच्या मायेबद्दल मला शंका नव्हती, मात्र ही पाळी त्याला झेपेल का, हे कळत नव्हतं.

काल सकाळी मुलगा चारा आणायला फाटकाबाहेर निघाला. मुकादमाने मान वर करून पाहिलं. भुंकला नाही, आडवाही गेला नाही. उठला, फाटकात त्याच्या जागी जाऊन बसला आणि त्याला जाऊ दिलं. मी ओसरीवरून पाहिलं आणि एकटीच मोठ्याने हसले. कोरी जागा आज भरली : माझा मुलगा.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं, ते बरोबर आहे. डाव्या कोपऱ्यातलं भोक ही खाडाखोड समजू नये. कागद वाळत ठेवला होता, तेव्हा माझ्या पतींनी तो हातात घेऊन तिकिटाच्या चिमट्याने ते पाडलं. पाडण्याआधी त्यांनी मला विचारलं, "एकच ना?"

मी म्हटलं, "हो. सध्या एकच."

स्थळ : गोठ्याची ओसरी
दिनांक : अठरा एप्रिल

सही : (लिहून ठेवणारी)

साक्षीदार :
१. जनावरांचे डॉक्टर (सही)
२. दुपारच्या बसचे ड्रायव्हर (सही; गाडी चार मिनिटं थांबवून. प्रवाशांची हरकत नव्हती.)