सुरी आईच्या हातात

लीड्स,
९ मार्च १९६९

प्रिय बाबा,

तुम्ही दोघं बरे असाल. समुद्रावरचं धुकं अजून अंगणात येऊन बसतं का? माझं इस्पितळातलं काम ठीक चाललंय. कोणत्या रुग्णाला काय खायला द्यायचं, आणि मुख्य म्हणजे काय द्यायचं नाही, ते ठरवते.

परवा स्वप्नात आपला रविवार आला. भाजलेल्या कोंबडीच्या वाफेनं खिडकी पांढरी झालेली, तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे, सुरी आईच्या हातात. पर्सीकाका नेहमीसारखे ओरडले, "काय रे कॅप्टन, लढाई जिंकलास आणि मेलेल्या कोंबडीला घाबरतोस?" स्वप्नात कुणी हसलं नाही. वाफ वाढत गेली आणि तुम्ही तिच्यात हळूहळू विरघळलात.

इतरांच्या घरी रविवारची कोंबडी वडील कापतात, वडील वाढतात. तुम्ही मला साधं बिस्किटही कधी हातानं दिलं नाहीत. तुमची माझ्यावर माया नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता. तो चुकीचा होता.

आमच्या इस्पितळाच्या शिवणखोलीत हान्का नावाच्या बाई आहेत, पोलंडच्या. माझ्या कोटावरचं नाव वाचून त्या थबकल्या.

"थॉर्नबरो? पोरी, तुझे वडील युद्धाच्या शेवटी आम्हाला नाझींच्या बेल्सेन छळछावणीतून सोडवायला आले होते का गं?"

"असतील. ते त्याबद्दल काही बोलत नाहीत."

"बोलत नाहीत? मग तेच!"

छावणीत झोपायला एकावर एक फळ्या होत्या; त्यांची धाकटी बहीण रिव्का खालच्या फळीवर होती. हान्काबाई वरच्या फळीवर, तापानं फणफणलेल्या. दारातून एक अधिकारी आला, टोपी काढली, गुडघ्यांवर बसला आणि आधी आपलं नाव सांगितलं. "आम्ही मरायला टेकलेलो, आणि हा ओळख करून देतोय! तुम्ही इंग्रज म्हणजे ना!" सांगताना त्या हसत होत्या. मग त्यानं स्वतःच्या शिध्यातला मांसाचा डबा फोडला, घट्ट गोड दूध काढलं आणि रिव्काला चमच्यानं भरवू लागला. त्यापुढचं हान्काबाईंना आठवत नाही. शुद्धीवर आल्या तेव्हा खालची फळी रिकामी होती.

इतकी उपाशी माणसं एकदम भरपूर अन्न पोटात गेलं तर हृदय थांबून मरतात. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पातळ दुधावर ती वाचली असती का, ते मला सांगता येत नाही. तुमच्या समाधानासाठी मी खोटं लिहिणार नाही.

"राग येतो त्यांचा?" मी हान्काबाईंना विचारलं.

"यायचा. आता एकच विचारायचंय. शेवटी ती काही बोलली का? मी हाताच्या अंतरावर होते आणि मला माहीत नाही. त्यांनाच माहीत असणार."

येत्या रविवारी त्या माझ्याकडे जेवायला येणार आहेत. तुम्हीही या. आईला मी फोनवर सगळं सांगितलंय. ती म्हणाली, "मी येईन. पण सुरीला हात लावणार नाही."

हान्काबाईंना जे आठवत असेल ते सांगा. काहीच आठवत नसेल तर तेही त्यांच्यासमोर बसून सांगा.

कोंबडी मी भाजून ठेवते. सुरी तुमच्या ताटाजवळ असेल. कुणालाही घाई नाही, पण मला भूक आहे, बाबा.

तुमची,
हेस्टर