कोलंबोहून भिक्खू

२१ डिसेंबर १९५६, कोलंबो

एल्सी नाही! बहिणीकडे गेली, गॉलला. नाताळ म्हणे बहिणीकडेच करायचा असतो. मला मात्र उन्हाळ्यापासून लिहीत होती — रिटायर झालीस ना, ये, तुला शहर दाखवते. नागपूरला नर्सिंग शिकत होतो तेव्हाही अशीच. स्वतःची रात्रपाळी माझ्या गळ्यात घालून सिनेमाला जायची.

घरमालकीण मिसेस परेरा. खोली उघडून देताना म्हणाली, "एकट्याच? या वयात?" म्हटलं, आयुष्यभर दवाखानाभर बाया सांभाळल्या, एक स्वतःला सांभाळता येईल.

उशीत सावरीचा कापूस. डोकं टेकलं की तळाला जातं. यवतमाळच्या बाईला असली उशी देऊ नये.

२२ डिसेंबर

दिवसभर चालले. फोर्ट, मग पेट्ट्याचा बाजार. दुकानांत चांदण्या, पताका, कापसाचं बर्फ. इथे घामाच्या धारा आणि खिडकीत बर्फ. समुद्र पाहिला. पाणीच ते.

खरं म्हणजे सहा तारखेपासून मला काही नीट दिसत नाही. बाबासाहेब गेले. ऑक्टोबरात नागपूरला आम्ही सगळे दीक्षा घेऊन आलो, आणि दोन महिन्यांत डोक्यावरचं छप्पर गेलं. मी तिकीट परत करणार होते. उकंडानं करू दिलं नाही. माझा धाकटा भाऊ, केळापूरचा.

"अक्का, आता विचारावं कोनाले? तू जाऊनच राह्यली तं एक भिक्खू घेऊन ये. पोरीचं लगन अडून राह्यलं."

पोरगी म्हणजे प्रभावती. मुलगा मारेगावचा, चांगला आहे. त्याचा बाप नानाजी मात्र अडून बसला. "जोशी बंद केला, बरं केलं. मंग लगन लावन कोन? खरा भिक्खू आना. नाई तं मी जोशी आनतो."

जोशी! जो आमच्या मांडवात कधी पाय ठेवत नसे, रस्त्यावर उभं राहून मंगलाष्टकं ओरडायचा आणि दक्षिणा जमिनीवर ठेवायला लावायचा. तो. प्रभा शांतपणे म्हणाली, "जोशी आला तं मी उभी राहनार नाई." राहणार नाहीच. माझ्या वळणावर गेली आहे.

म्हणून मी इथे. शहर बघायला आलेली म्हातारी — वरवर.

२३ डिसेंबर

विहार सापडला. मोठे थेरो, म्हणजे इथले मुख्य भिक्खू, गावी गेलेत, शुक्रवारी येतील. तोवर काय करू? फिरा म्हणे.

२४ डिसेंबर

आज उपोसथ, उपवासाचा दिवस. विहारात गर्दी. सगळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत! म्हाताऱ्या, तरण्या, नवरा शेजारी असलेल्यासुद्धा. चाफ्याची फुलं वाहत होत्या. माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

आमच्याकडे पांढरं नेसून मांडवात गेलं की सांगतात, बाई, तुम्ही जरा चुलीकडे बघा. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला. पुन्हा पाट लावला नाही, नर्सिंगला गेले, तेव्हापासून चुलीकडेच बघते. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांची नाळ मी कापली. बाळंतपणाला मी चालते. त्याच पोरांच्या लग्नात अक्षता हातात द्यायला बायका कचरतात.

असो. विहाराच्या पायरीवर उगाचच बराच वेळ बसले.

२५ डिसेंबर

मिसेस परेराकडे पाहुणे. मला वर केकचा तुकडा पाठवला, खाली कोणी बोलावलं नाही. पियानो लागला तेव्हा मी खिडकीत बसून नाताळचं सगळं गाणं म्हटलं. कामठीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं छडी मारून पाठ करून घेतलेलं, विसरत नाही.

नंतर परेराबाई वर आली. "तुम्ही ख्रिश्चन नाही ना? मग शब्द कसे येतात?"

म्हटलं, शब्द कोणालाही येतात, शिकवलं तर.

ती गेली. खोलीत फार शांतता. केळापूरला आता तुरीच्या शेंगा उकडत असतील.

२६ डिसेंबर

पाऊस. कोणाशी एक शब्द नाही. शहाळेवाल्याशीसुद्धा बोटांनी.

२८ डिसेंबर

थेरो भेटले. म्हातारे आहेत, इंग्रजी चांगलं. सगळं ऐकून घेतलं. नागपूरचं ऐकताना डोळे पुसले. मग म्हणाले, "आम्ही लग्न लावत नाही."

मला वाटलं, आमचं लावत नाहीत. जात विचारणार आता! उठले. म्हटलं, एवढ्या लांब हेच ऐकायला आले का मी?

"बसा," म्हणाले. "कोणाचंच लावत नाही. मरण असेल तर आम्ही येतो. लग्न हा गृहस्थाचा व्यवहार. घरातलं शीलवान, मोठं माणूस उभं राहतं, गाथा म्हणतं, झालं."

म्हणजे चार दिवसांचा प्रवास करून मी मागायला आले ती वस्तू या देशात नाहीच. मी चिडून विचारलं, आमच्याकडे कुठून आणू असं माणूस? भाऊ शनिवारी बाजारातून पिऊन येतो. नानाजी तर नानाजीच.

"गाथा कोणाला येतात?"

"मला. दीक्षेच्या दिवसापासून पाठ आहेत."

"मग?"

"मी विधवा आहे," म्हटलं.

 ते फार मायेनं अनित्यतेबद्दल बोलू लागले. पती कधी गेले, आजारी होते का, विचारलं. माझं सांत्वन करत होते! मी सांगत होते अडचण, त्यांना ऐकू गेलं दुःख. दोनदा समजावलं. दोन्ही वेळा म्हणाले, "हो, पण लग्नाशी त्याचा काय संबंध?"

 परत येताना वाट चुकले.

२९ डिसेंबर

एल्सी आली, टोपलीभर केक घेऊन. "शहर पाहिलंस?" पाहिलं म्हटलं. भांडायची तयारी ठेवली होती, पण जोर नव्हता.

उकंडाला काय सांगू? तो स्टेशनावर हार घेऊन उभा असेल, भिक्खूसाठी.

६ जानेवारी १९५७, केळापूर

होताच. हार हातात धरून माझ्या पाठीमागे डब्यात बघत राहिला.

मारेगावहून नानाजी आला. मी थेरोंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, शेवटपर्यंत. तो हसला. "म्हंजे तुमी लावान काय, बाई? रांडमुंड बाई लगन लावन? माह्या पोराले मारता का?"

उकंडानं मान खाली घातली. मी उठून चुलीकडे गेले. सवय.

प्रभा मागे आली. लाकडं पुढे सारत म्हणाली, "आत्याबाई, मले त्या गाथा शिकवता?"

"तुला कशाला? नवरीनं ऐकायच्या असतात."

"तुमी मधात अडल्या तं मागून कोनी सांगाले पाह्यजे ना."

१७ फेब्रुवारी, केळापूर

लागलं. मी लावलं. प्रभा पांढरं नेसली होती, मीही. मुलगाच बापासारखा अडून बसला, तेव्हा नानाजी आला खरा, पण शेवटपर्यंत मांडवाबाहेर रस्त्यावर उभा होता, बरोब्बर जोशी उभा राहायचा तिथे. जेवायला आत आला. मीच वाढलं.

मधे अडले नाही.